‘मासळी वाढली की घटली?’ : लोफोटेनच्या कायद्याची सव्वाशे वर्षं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहायचो. डिझेलचा कोटा, बर्फाची बिलं, थकलेली कर्जं, असलं काम. एके दिवशी सर्वेक्षणाला दोन तरुण मुलं आली. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता. मासेमारीचे नियम सरकारने आणि मच्छीमारांनी मिळून ठरवले तर त्याचा उपयोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. पंधरा-वीस प्रश्न झाल्यावर मुख्य प्रश्न आला : ‘अशा व्यवस्थापनामुळे मासळी वाढली / घटली / तशीच राहिली. एकावर खूण करा.’ माझ्या बाजूला एक म्हातारे तांडेल बसले होते. त्यांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाले, “अरे, कुठच्या सालापासून मोजायचं, ते इचार की त्यांना.”

मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. खूण कुठे केली तेही आता आठवत नाही. पण तांडेलांचा प्रश्न डोक्यात राहिला. मी कॉलेजात फार शिकलेलो नाही. इंग्रजी वाचायला लागलो तेही खात्याचे अहवाल समजावेत म्हणून. पुढे एकातून एक निघत गेलं आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला असलेल्या लोफोटेन नावाच्या बेटांपर्यंत मी वाचत पोहोचलो. नॉर्वेजियन मजकूर शब्दकोश आणि संगणकाच्या मदतीने, अडखळत वाचला. तिथे जाणं काही झालेलं नाही, होईल असंही वाटत नाही.

लोफोटेनच का, ते आधी सांगतो. सरकार आणि मच्छीमार यांनी मिळून कारभार करण्याला हल्ली ‘सहव्यवस्थापन’ म्हणतात. हा शब्द अभ्यासकांत रुळला तो १९८०च्या दशकात. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेइन येन्टोफ्ट यांचा १९८९ सालचा निबंध या विषयात आजही पायाचा धरला जातो. त्याच वर्षी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लोफोटेनवर वेगळा निबंध लिहिला. कारण उघड होतं. शब्द नवा असला तरी लोफोटेनमध्ये ती गोष्ट १८९७ सालापासून कायद्याने चालू होती. एखादी व्यवस्था कितपत चालली हे पाहायचं तर पाच वर्षांच्या प्रकल्पापेक्षा शंभर वर्षांचा दाखला बरा, असं मला वाटलं. तांडेलांच्या प्रश्नालाही तिथे थोडी जागा मिळणार होती.

लोफोटेन म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या वर, समुद्रात तिरकी घुसलेली डोंगराळ बेटांची रांग. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये व्हेस्टफ्योर्ड नावाचं रुंद पाणी आहे. दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात तिकडच्या बॅरेंट्स समुद्रातून मोठा झालेला कॉड मासा शेकडो किलोमीटर पोहत अंडी घालायला इथे येतो. त्याला स्थानिक लोक ‘स्क्रेई’ म्हणतात. हा मासा उघड्यावर लाकडी मांडवांवर टांगून सुकवतात. मीठ लावत नाहीत, थंडी आणि वारा पुरतो. आपल्याकडे वलांडीवर बोंबील वाळत घालतात, तसंच दृश्य, फक्त मासा हातभर लांब. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ऑयस्टाइन नावाच्या राजाने परगावच्या मच्छीमारांसाठी इथे झोपड्या बांधल्या, त्या बदल्यात मासळीवर कर बसवला. पुढे जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाने बर्गन बंदरात पेढी घातली आणि हा सुका मासा युरोपभर विकला. म्हणजे हे पाणी एका मोठ्या बाजाराचं मूळ होतं. तिथे भांडणं होणारच.

पहिला मोठा कायदा झाला १८१६ साली. त्याने काय केलं? समुद्र वाटला. किनाऱ्यावरच्या मासेमारी वस्त्या खासगी मालकांच्या होत्या. धक्का त्यांचा, झोपड्या त्यांच्या, मासळी विकत घेणारे तेच आणि उधारीवर धान्य देणारेही तेच. लोक त्यांना ‘भूशिराचे राजे’ म्हणत. वस्तीसमोरचं पाणी कायद्याने वस्तीला जोडलं, त्यामुळे ते व्यवहारात या मालकांच्या ताब्यात गेलं. ज्याच्या झोपडीत राहायचं, त्याच्याच पाण्यात जाळं टाकायचं आणि त्यालाच मासा घालायचा. आपल्याकडच्या खोताचं राज्य समुद्रावर कल्पून पाहावं.

चाळीस वर्षांनी, १८५७ साली, वारं उलटं फिरलं. मुक्त व्यापाराची हवा होती. नव्या कायद्याने पाण्यावरची मालकी काढून टाकली आणि समुद्र सर्वांना खुला केला. सरकारचे देखरेख अधिकारी राहिले, पण नियम कमीत कमी. मालकाच्या दाव्यातून गरीब मच्छीमार सुटला हे खरं. पण उघड्या पाण्यात आता ज्याचं जाळं मोठं, त्याचं पाणी. त्या काळी तिथे तीन तऱ्हेची मासेमारी चाले. गरिबाकडे एक दोरी आणि हातात गळ. त्याच्यावर, शेकडो गळ लावलेली लांबच लांब दोरी. आणि सर्वांत खर्चिक, आपल्या दालदीसारखं पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. हे तिन्ही एकाच जागी आले की दोऱ्या गुंततात, जाळी फाटतात, रात्री कुणी कुणाचं कापलं हे सकाळी कळत नाही. १८९०च्या दशकातल्या एका हंगामात तर इथे तीस हजारांहून अधिक मच्छीमार जमले होते, बहुतेक उघड्या होड्यांतून. एवढ्या माणसांना फक्त ‘समुद्र तुमचाच आहे’ एवढं सांगून भागत नाही.

त्यातून ट्रोलफ्योर्डची लढाई झाली. ट्रोलफ्योर्ड म्हणजे डोंगरात शिरलेली अरुंद खाडी, दोनेक किलोमीटर लांब, तोंडाशी जेमतेम शंभर मीटर. मार्च १८९०मध्ये कॉडचे थवे या खाडीत घुसले. वाफेवर चालणाऱ्या काही जहाजांनी मोठ्या घेराच्या जाळ्यांनी खाडीचं तोंडच बंद केलं. आत मासा खच्चून भरलेला आणि बाहेर शेकडो होड्या अडलेल्या. मग होडीवाले आत घुसले. वल्ही, आकडे, हाताला येईल त्याने मारामारी झाली. त्याच भागातल्या गुन्नार बेर्ग या चित्रकाराने तो प्रसंग रंगवला. पुढे योहान बोयेर या कादंबरीकाराने १९२१ साली त्याला साहित्यात नेलं, आणि नॉर्वेच्या शाळकरी मुलांनाही ती लढाई माहीत झाली. लढाईनंतर वर्षभरात संसदेने लोफोटेनमध्ये त्या घेराच्या जाळ्यांवर बंदी घातली.

हे वाचताना मला आपल्याकडच्या पर्ससीनची आठवण न येणं अशक्य होतं. तेही घेराचंच जाळं. पण तुलनेचा मोह थोडा आवरतो. ते शेवटी येईल.

बंदी घालून एक जाळं गेलं. उरलेल्या तिघांचं भांडण राहिलंच. राजधानी क्रिस्तियानियात बसून लोफोटेनच्या प्रत्येक खडकाशेजारचे नियम लिहिणं शक्य नव्हतं. मासा दर आठवड्याला जागा बदलतो. कधी खोल, कधी वर. एका वर्षी पूर्वेला, पुढच्या वर्षी पश्चिमेला. तेव्हा १८९७च्या कायद्याने सरकारने एक वेगळी गोष्ट केली. नियम करायचं कामच मच्छीमारांच्या हाती दिलं.

ते कसं चालायचं, हे मला सगळ्यांत जास्त आवडलेलं प्रकरण आहे. बेटांच्या किनाऱ्याचे देखरेखीचे जिल्हे पाडले. प्रत्येक जिल्ह्यात एक समिती. समितीत हातगळवाले, लांब दोरीवाले आणि जाळीवाले, प्रत्येकाचे निवडलेले प्रतिनिधी. अध्यक्षस्थानी सरकारी देखरेख अधिकारी. समिती ठरवायची की अमुक पट्ट्यात फक्त गळ, तमुक पट्ट्यात जाळी. सकाळी किती वाजता निघायचं. जाळी संध्याकाळी कधी लावायची, दोऱ्या कधी उचलायच्या. सकाळी निघण्याची वेळ झाली की बंदरावर निशाण चढायचं. त्याआधी एकही होडी हलायची नाही. हे निशाण बारीक गोष्ट वाटेल, पण विचार करा : दुसऱ्याआधी जागा पकडायची म्हणून मध्यरात्री, हिमवादळात होड्या लोटणं त्याने थांबलं. नियम मोडणाऱ्याला दंड करायला सरकारची माणसं आणि बोटी होत्याच. थोडक्यात, नियम मच्छीमारांचा, दंडुका सरकारचा. मासा सरकला की समिती पुन्हा बसायची आणि पट्टे सरकवायची.

समितीत सगळे नव्हते, हेही नोंदवायला हवं. जागा होती ती समुद्रावर जाणाऱ्यांना. घरी राहून शेत, गुरं आणि पोरं सांभाळणाऱ्या बायकांच्या जिवावर हे पुरुष तीन-चार महिने इथे येऊन राहत, त्यांचा समितीशी संबंध नव्हता. नॉर्वेत स्त्रियांना सरसकट मतदानाचा हक्क मिळाला तोच १९१३ साली. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर मासळीचा पैसा बाईच्या हातून फिरतो. पण सोसायटीच्या बैठकीच्या नोंदवह्या मी वर्षानुवर्षं लिहिल्या, त्यांत बायकांची नावं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून तिकडच्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

आता ‘चाललं का?’ या प्रश्नाकडे येऊ.

भांडणं कमी करणं हा हेतू धरला, तर चाललं. १८९७चा कायदा ज्या कामासाठी केला ते काम त्याने केलं, आणि एखाददुसरं वर्ष नव्हे, पिढ्यान्पिढ्या. वल्ह्यांच्या होड्या जाऊन इंजिनं आली, कापसाची जाळी जाऊन नायलॉन आलं, मधे जर्मनांचा ताबा येऊन गेला, समित्या टिकल्या. ट्रोलफ्योर्डसारखी दुसरी लढाई इतिहासात गाजलेली नाही. मच्छीमारांच्या हातातली सत्ता पुढे दुसऱ्या बाजूनेही वाढली. १९३८च्या कायद्याने मासळीच्या पहिल्या विक्रीचा अधिकार मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघाला मिळाला आणि किमान भाव संघ ठरवू लागला. ‘भूशिराच्या राजां’ची सद्दी खऱ्या अर्थाने संपली ती या कायद्याने, असं माझं मत आहे.

पण मासळी वाढली का? इथे तांडेलांचा प्रश्न आडवा येतो.

लोफोटेनचे आकडे फार जुने मिळतात; देखरेख खातं १८६०च्या आसपासपासून दर हंगामाची नोंद ठेवत आलं आहे. ते आकडे इतके वरखाली होतात की एखाद्या तापाच्या रोग्याचा तक्ता वाटावा. एका वर्षी मासा फुटून जातो, चार वर्षांनी बंदरं ओस. हे का होतं, या कोड्याने तिथल्या सरकारलाही छळलं होतं. १८६४ साली त्यांनी गेओर्ग ओसियान सार्स या तरुण निसर्गशास्त्रज्ञाला लोफोटेनला पाठवलं. सार्सने पाहिलं की कॉडची अंडी तळाशी बसत नाहीत, ती पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात. तोवर मच्छीमारांची तक्रार असे की तळाला जाणाऱ्या जाळ्यांनी अंडी तुडवली जातात, म्हणून मासा कमी होतो. सार्सच्या शोधाने त्या तक्रारीतली हवा काढली. मग पन्नास वर्षांनी, १९१४ साली, योहान यॉर्ट यांनी आणखी पुढचं दाखवलं. माशाच्या खवल्यांवरच्या वलयांवरून वय मोजता येतं. तसं मोजल्यावर दिसलं की काही थोड्या वर्षांत जन्मलेली पिल्लं भरपूर जगतात आणि मग अनेक वर्षं पकडीत त्याच सालच्या माशांचा भरणा असतो. यॉर्ट यांचं गाजलेलं उदाहरण हेरिंगचं, १९०४ साली जन्मलेल्या पिढीचं. पण नियम कॉडलाही लागू. म्हणजे या वर्षी बंदरात मासा का आला, याचं उत्तर सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका वसंत ऋतूत, अंडी फुटली तेव्हाच्या पाण्यात असतं. समितीने पट्टे चोख आखले की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

याचं ढळढळीत उदाहरण १९४७ सालचं. त्या हंगामात लोफोटेनला सुमारे १,४६,००० टन कॉड मिळाला. इतका आधी कधी मिळाला नव्हता. समित्यांचा कारभार त्या वर्षी अचानक सुधारला होता का? तसं काही नाही. युद्धाच्या वर्षांत बॅरेंट्स समुद्रात मोठ्या जहाजांची मासेमारी बसली होती आणि मासा मोठा व्हायला मोकळा राहिला, हे त्यातलं एक मोठं कारण. त्या वर्षी कुणी आमच्याकडच्यासारखा फॉर्म घेऊन गेलं असतं, तर ‘वाढली’वर खूण झाली असती.

आणि तोच फॉर्म १९८९ साली नेला असता तर? कॉडचा साठा १९८०च्या दशकात खालावला. दूर बॅरेंट्स समुद्रात ट्रॉलर लहान मासाही ओढत होते, काही वर्षांची पिढी दुबळी निघाली, कॉडचं खाद्य असलेला कॅपेलिन मासा १९८६च्या सुमाराला जवळजवळ संपला. १८ एप्रिल १९८९ रोजी सरकारने किनारी होड्यांची कॉड मासेमारी हंगामातच बंद केली. हजार वर्षांच्या या धंद्यात हा धक्का मोठा होता. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक होडीला मोजून कोटा मिळू लागला, आणि तो कोटा ठरत होता लोफोटेनच्या समितीपासून फार लांब. बॅरेंट्स समुद्रातला कॉड नॉर्वे आणि रशिया (तेव्हा सोव्हिएत संघ) यांच्या सामाईक आयोगाच्या अखत्यारीत येतो. त्याची पहिली बैठक १९७६ साली झाली. दोन देशांचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ एकूण आकडा ठरवतात, मग तो देशांत वाटला जातो, मग मोठ्या जहाजांत आणि लहान होड्यांत. लोफोटेनचा हातगळवाला या साखळीच्या शेवटच्या कडीला.

इथे मला त्या १८९७च्या कायद्याची खरी मर्यादा दिसली. त्या कायद्याने मच्छीमारांना ‘कुठे, कधी आणि कशाने’ हे तीन प्रश्न दिले होते. ‘किती’ हा प्रश्न दिला नव्हता. तेव्हा समुद्रातला मासा संपेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, म्हणून तो प्रश्न कायद्यात नाही याचा दोष १८९७च्या लोकांना देता येत नाही. पण पुढे ‘किती’ हाच एकमेव महत्त्वाचा प्रश्न झाला, आणि त्याचं उत्तर दुसरीकडे लिहिलं जाऊ लागलं. समित्या मोडल्या नाहीत. त्यांच्या टेबलावरचा विषय लहान झाला. पुढची आकडेवारी पाहा : २०१३ साली बॅरेंट्स समुद्राच्या कॉडचा एकूण कोटा दहा लाख टनांवर गेला आणि २०२५ साली तो ३,४०,००० टनांवर आला, १९९१नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. या चढउतारात लोफोटेनच्या समित्यांना ना शाबासकी देता येते ना शिव्या.

मग ‘किती’ हा प्रश्नही मच्छीमारांच्याच हाती असता तर? याचा दाखला मला जपानच्या आकिता प्रांतात सापडला. जपानमध्ये किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क १९४९च्या कायद्याने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे आहेत. आकिताचा मासा ‘हाताहाता’. डिसेंबरच्या सुमाराला, थंडीतल्या ढगांचा गडगडाट सुरू झाला की तो किनाऱ्याच्या शेवाळात अंडी घालायला येतो, म्हणून त्याला गडगडाटाचा मासा म्हणतात. १९६८ साली आकिताने वीस हजार टनांहून जास्त हाताहाता पकडला. १९९१ साली मिळाला सत्तरेक टन. चूक छापलेली नाही : वीस हजारांवरून सत्तर.

तेव्हा आकिताच्या मच्छीमारांनी आपापसांत अनेक बैठका घेतल्या आणि सप्टेंबर १९९२पासून तीन वर्षं हा मासा अजिबात पकडायचा नाही असं ठरवलं. सरकारचा हुकूम नव्हता. प्रांताच्या संशोधकांनी बंदी पाळली तर काय होईल याचं गणित मांडून दाखवलं, निर्णय संस्थांनी घेतला. मी स्वतः थकलेल्या कर्जांचे खाते-उतारे काढलेले आहेत. मुख्य हंगामाचा मासा तीन वर्षं सोडायचा म्हणजे घरात काय होतं, हे मला आकड्यांत कळतं, म्हणून या निर्णयापुढे मी मान झुकवतो. बंदी उठल्यावरही त्यांनी शिस्त ठेवली. दर वर्षी साठ्याचा अंदाज घ्यायचा आणि त्याच्या साधारण निम्माच पकडायचा. १९९९ साली शेजारच्या तीन प्रांतांशीही करार करून लहान मासा सोडून द्यायचं ठरलं. पकड वाढत गेली. २००४च्या सुमाराला ती तीन हजार टनांवर पोहोचली. जगभरच्या अभ्यासकांनी आकिताचं उदाहरण उचलून धरलं, आणि ते योग्यच होतं.

पण त्यानंतर आकडा पुन्हा उतरू लागला. २०२४च्या हंगामात आकिताला वीस टनसुद्धा मिळाला नाही. समुद्राचं पाणी तापतं आहे. थंड पाण्याच्या या माशाला किनारा परवडेनासा झाला, हे एक प्रमुख कारण सांगितलं जातं. नियम होते, संस्था होत्या, लोकांनी ते पाळण्याची तयारी सिद्ध करून दाखवलेली होती. आता फॉर्मवर खूण कुठे करायची? १९९२ ते २००४ मोजलं तर ‘वाढली’, १९६८ ते २०२४ मोजलं तर ‘घटली’.

अशा शेकडो दाखल्यांची बेरीज करायचे प्रयत्न झालेले आहेत. त्यांतला सर्वांत गाजलेला २०११ सालचा. निकोलास गुतिएरेझ, रे हिलबॉर्न आणि ओमार देफेओ या तिघांनी ४४ देशांतल्या १३० सहव्यवस्थापित मासेमाऱ्यांची माहिती जमवून ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. यश कशाने मिळतं, याच्या यादीत सर्वांत वर आलं स्थानिक नेतृत्व. त्यापाठोपाठ कोटा, लोकांमधली एकजूट, राखीव क्षेत्रं. नेतृत्वाचा मुद्दा मला पटतो. आमच्या बंदरातही एक चांगला अध्यक्ष असेपर्यंत सोसायटी चालली, तो गेल्यावर बर्फाचा कारखानाही बंद पडला. तरी या प्रकारच्या बेरजेबद्दल दोन शंका मनातून जात नाहीत. एक अशी की, जी व्यवस्था दुसऱ्याच वर्षी मोडली तिच्यावर निबंध कोण लिहिणार? मेलेल्या समित्यांची कागदपत्रं उंदीर खातात. जे मोजलं जातं ते बहुधा टिकलेलं असतं. दुसरी शंका गरीब देशांबद्दल. तिथे आधीचे आकडेच नसतात, म्हणून पुष्कळदा मच्छीमारालाच विचारतात, ‘पूर्वीपेक्षा बरं आहे का?’ माणूस कालच्या हंगामावरून सांगतो. आणि विचारणाऱ्याच्या प्रकल्पातून पुढे जाळी मिळणार असतील, तर तो काय सांगेल हेही उघड आहे.

म्हणून मी आपला एक साधा रिवाज करून घेतला आहे. कुठल्याही ठिकाणच्या सहव्यवस्थापनाबद्दल वाचायला घेतलं की पहिल्यांदा टनांचे आकडे पाहत नाही. कोणता निर्णय खरोखर मच्छीमारांच्या हातात दिला होता, तो शोधतो. मग त्या निर्णयाच्या कक्षेतलं काय बदललं, ते पाहतो. लोफोटेनला भांडणं हातात दिली होती, भांडणं मिटली. आकिताला पकड हातात होती, पकड त्यांनी आवरली. पाण्याचं तापमान कुणाच्याच हातात नव्हतं.

या नजरेने आपल्या किनाऱ्याकडे पाहिलं तर काय दिसतं?

आपल्याकडे समुद्र वाटून घ्यायची रीत लोफोटेनला शिकायची गरज नव्हती. उत्तर कोकणात खुंट ठोकून डोल लावायच्या जागांना ‘कव’ म्हणतात. कुठली कव कुणाची, हे गावोगावच्या कोळी जमातींनी पिढ्यान्पिढ्या ठरवलं; दुसऱ्याच्या कवीत खुंट मारणाऱ्याला जमातीसमोर उभं राहावं लागे. ज्येष्ठ-आषाढात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र उघडायचा, हाही नियम कुणी छापला नव्हता. ही व्यवस्था फार सुंदर होती असं चित्र काढायचं नाही मला. तिच्यातही जबरदस्ती होती, वजनदार घरांच्या कवी चांगल्या पाण्यात असत. पण नियम करणारे आणि पाळणारे एकाच वाळूवर राहत.

१९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. पावसाळी बंदी आता १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमा बऱ्याचदा त्यानंतर येते. ती होईपर्यंत समुद्र बंद ठेवा अशी मागणी कितीतरी मच्छीमार संस्था करत आल्या. म्हणजे मच्छीमार स्वतःहून जास्त दिवस थांबायला तयार आणि कायदा म्हणतो आधी निघा. लोफोटेनच्या निशाणाची इथे आठवण होते. पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी २०१६मध्ये बंधनं घातली, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी आणली. २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरलं, म्हणजे त्याहून लहान मासा मारायचा नाही. तीनही निर्णय मला योग्य वाटतात, आणि त्यांच्यामागे पारंपरिक मच्छीमारांचा लढा आणि अभ्यासकांचं काम आहे. तरीही रात्री दिवे दिसतातच. राज्याची हद्द १२ सागरी मैल, त्यापुढे केंद्राची. मासा दोन्हीकडचा. बॅरेंट्स समुद्राची अडचण आपल्या दारात, लहान आकारात, उभी आहे.

आपल्या कायद्यात मच्छीमारांना जागा नाही असं नाही. समित्यांची तरतूद आहे. मात्र त्या समित्यांच्या नावात एक शब्द आहे, ‘सल्लागार’. लोफोटेनच्या समितीने पट्टा आखला की तो नियम व्हायचा. आपली समिती सल्ला देते. सल्ला घ्यायचा की नाही ते दुसरं कुणी ठरवतं. ‘भागीदारी’ हा शब्द दोन्हीकडे वापरता येतो, म्हणून अहवालांत दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

तो सर्वेक्षणाचा फॉर्म अलीकडे पुन्हा आमच्याकडे आला. संस्था वेगळी होती, मुलं वेगळी, छपाई रंगीत. प्रश्न मात्र जवळपास तोच. तांडेल आता नाहीत. मी सोसायटीतून निवृत्त झालो असलो तरी चहा प्यायला तिथे जातो, म्हणून मला बसवलं गेलं. मी या वेळी खूण केली नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : ‘कुठल्या सालापासून मोजायचं? त्या सालापासून आजवर मच्छीमारांनी घेतलेला आणि अमलात आलेला एक निर्णय सांगा. आपल्या जिल्ह्याच्या सल्लागार समितीची शेवटची बैठक कधी झाली?’ मुलीने ते वाचलं, फोनने त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, “काका, मागच्या बाजूचं कॉम्प्युटरमध्ये भरता येत नाही.” मग तिने माझ्यासाठी ‘तशीच राहिली’वर खूण केली.